न घेतलेले तीर्थ

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा पहिला विचार देवाचा नव्हे, कारखान्याचा आला. लढाई सुरू होती. आमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात पाळ्या वाढवल्या होत्या, आणि तयार माल तपासून पुढे सोडण्याचे काम माझ्याकडे होते. पोटातील दुखणे मी सोड्यावर आणि ताकावर रेटत राहिलो व अखेर खात्यातच कोसळलो. जठराला छिद्र पडले होते. जबलपूरच्या एका सरकारी इस्पितळात पोट उघडून ते शिवण्यात आले. आमच्या घरी नर्मदेची भक्ती पूर्वापार होती. आरतीला मीही उभा राहत असे, परंतु तिच्याजवळ कधी काही मागितले नव्हते. खाटेवर पडल्यावर मात्र मनात येऊ लागले, की सीमेवर मालाची एवढी निकड असताना मलाच आडवे पाडणाऱ्या देवाजवळ काही व्यवस्था आहे की नाही. हा प्रश्न मी कोणाजवळ बोललो नाही.

तोंडावाटे काहीही घ्यायचे नाही, असा सक्त हुकूम होता. नाकात नळी, हाताला सलाईन. अशा शस्त्रक्रियेनंतर आतडी निपचित पडतात, आणि ती आपण होऊन चालू होईपर्यंत पाण्याचा थेंबही वर्ज्य असतो. डॉक्टर रोज येऊन स्टेथोस्कोप पोटावर टेकवीत व ऐकत. चालू यंत्र आणि बंद यंत्र यांतील फरक मला ठाऊक होता. माझ्या आत काहीच चालत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत असे. पोट तेवढे फुगत चालले होते. एके सकाळी ते म्हणाले, की उद्यापर्यंत हालचाल दिसली नाही तर पुन्हा उघडावे लागेल. दुसऱ्यांदा हे शरीर ते सोसेल का, असे माझ्या पत्नीने विचारले.  त्यांनी सिस्टरला सलाईन बदलायला सांगितले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

शेजारच्या खाटेवर शहपुऱ्याकडचा एक माणूस पाय मोडून पडला होता. त्याची वृद्ध आई दोन खाटांच्या मधे जमिनीवर घोंगडी टाकून बसे. तिला बोलल्यावाचून करमत नसे आणि माझे एकटक पाहत गप्प राहणे तिला खटके. "बहू, तुम्हारे बाबूजी बोलते भी हैं, कि बस घूरते हैं?" असे तिने हिला विचारले होते. ही म्हणाली, "घर में भी ऐसेही हैं, अम्मा." माझ्यासमोर मजविषयी असे बोलण्याची दोघींनाही काही अडचण वाटत नव्हती.

डॉक्टर गेल्यावर ही सरळ ग्वारीघाटाला गेली. दुपारी परतली ती तांब्याच्या लहान गडूत नर्मदेचे पाणी घेऊन. पळी भरून तिने माझ्या ओठांशी आणली.

"तीर्थ आणलं आहे. घ्या."

"डॉक्टरांनी मना केलं आहे."

"पाण्याला मना केलं. हे काय पाणी आहे? एकादशीला चालते, मंग इथे काहून नाही चालणार?"

हा युक्तिवाद आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तीर्थाने उपवास मोडत नाही, तेव्हा डॉक्टरचा नियमही मोडत नाही. केसाएवढ्या फरकासाठी गोळे नाकारणाऱ्या मला तो त्या क्षणी निर्दोष वाटला. जीभ टाळूला चिकटली होती. मी तोंड उघडले.

तोच म्हातारीने हिचे मनगट धरले. "क्या कर रही हो, बहू?"

"नर्मदाजी का जल है, अम्मा."

"तभी तो कह रही हूँ. गंगाजी में नहाते हैं, रेवा मैया के तो दर्शन ही बहुत हैं. पिलाने की क्या पड़ी है? सास ने इतना भी नहीं सिखाया?"

हिचा हात थांबला. नर्मदेचे नुसते दर्शनच पुरते हे वचन पटल्यामुळे थांबला की सासूचा उल्लेख झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. म्हातारीने गडूतील पाणी आपल्या काचेच्या पेल्यात ओतले आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या नजरेसमोर ठेवला. वरच्या तावदानांना ब्लॅकआउटचे काळे कागद डकवलेले होते. खालच्या तावदानातून येणारे ऊन पेल्यावर पडले.

"देखो बाबूजी," ती म्हणाली. "घूरना तो आपको आता ही है."

प्रथम मला राग आला. नंतर दुसरे काही करण्याजोगे नव्हते म्हणून मी पाहत राहिलो. पाण्यात बारीक गाळ होता, तो सावकाश तळाशी बसत होता. तहान गेली असे मी लिहिणार नाही. ती होती तशीच होती, परंतु तिच्याशी चाललेले माझे भांडण थांबले. हे पोट मी आजवर वापरले, चालवले मात्र कधीच नव्हते, एवढे ध्यानात आले. मग मनाशी म्हणालो: मैया, चालवायचे असेल तर चालव. नसेल तर तेही तुझ्याकडे सोपवले. हिच्याकडे मात्र लक्ष असू दे. याहून अधिक काही सुचले नाही.

ऊन पेल्यावरून सरकले होते. पोटात एक कळ उठली, फिरली, खाली उतरली, आणि सभ्य लिखाणात जिचा उल्लेख करीत नाहीत ती गोष्ट घडली. मोठ्याने घडली.  म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"लो," ती म्हणाली, "बाबूजी बोले."

ही हसू लागली आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ वळली नाही.

सायंकाळी डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप टेकवला, नेहमीपेक्षा अधिक वेळ ऐकले, आणि पुन्हा उघडण्याचे रद्द केले. निघताना त्यांनी पेल्याकडे बोट केले. "ये पिलाया तो नहीं?" "नहीं डॉक्टर साहब," ही म्हणाली, "सिर्फ दिखाया." कच्च्या शिवणीला त्या अवस्थेत थोडे पाणीही घातक ठरू शकले असते, असे ते म्हणाले. हिने माझ्याकडे पाहिले नाही.

आतडी त्या दिवशी तशीही चालू झाली असती, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. मी स्वतः तोंड उघडले असताना एका अनोळखी हाताने पळी अडवली, आणि अडवताना नियमाचा नव्हे, भक्तीचाच आधार दिला, एवढे मला ठाऊक आहे. डॉक्टरांच्या नियमाने ही थांबली नसती, मीही थांबलो नसतो. मैयेला आम्हा दोघांची चांगली पारख असली पाहिजे. ती म्हातारी मुलाला घेऊन माझ्याआधी घरी गेली. मी तिचे नावही विचारले नाही. तिचे ऋण नर्मदेच्या ऋणातच मिळवून ठेवले आहे. दोन्ही फिटणारी नाहीत आणि त्याचे मला ओझे वाटत नाही.

हिंडूफिरू लागलो तेव्हा ही मला घाटावर घेऊन गेली. जखम ओली होती, स्नानास मनाई होती. हिने स्नान केले आणि मी पायरीवर बसून पात्राकडे पाहत राहिलो. मागण्यासारखे काही आठवले नाही. पाण्यातून वर येत ही म्हणाली, "हात तरी जोडा." मी जोडले.