तात्यांच्या भावकीचे ईसीजी

माणूस शर्ट काढून ईसीजीच्या टेबलावर आडवा झाला की खोटं बोलायला लागतो, हा माझा बारा वर्षांचा अनुभव! "तंबाखू? छे छे ताई, कधीच न्हाई," म्हणतो आणि त्याच वेळी पँटच्या खिशातून पुडी खाली पडते. असे किस्से साठवावे लागत नाहीत. संध्याकाळी खोली झाडताना निघतात तेवढे पुरतात.

आमचं हार्ट क्लिनिक चिंचवडला. गुरुवार तिथे वेगळा असतो. एखादा धडधाकट माणूस अचानक गेला आणि पोस्टमार्टेममध्ये हृदयात दोष निघाला, की आमच्या मॅडम त्याच्या घरच्यांना गुरुवारी बोलावतात. कारण यातले काही दोष रक्तातून पुढे येतात. एक गेला, आता दुसरा जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्या दिवसाचं काम. अशा ठिकाणी खरं तर हसू नये. पण येणारी माणसं हसवल्याशिवाय राहतात का!

*

चाकणच्या पलीकडच्या एका गावातला महेश. वय एकतीस. कंपनीच्या क्रिकेट टूर्नामेंटमध्ये रन काढता काढता पडला तो उठलाच नाही. हृदयाचा स्नायू नको तितका जाड निघाला. महिन्याभराने त्याचे चुलते आले, तात्या. टोपी, धोतर, आवाज खणखणीत.

मॅडमनी विचारलं, "घरात आधी कोणी असं अचानक गेलंय?"

"न्हाई. आमच्यात हार्टचं कायबी न्हाई."

"तुमचे वडील?"

"विहिरीत. पट्टीचे पोहणारे, पर पाण्यातल्या आसरांनी वढलं."

"महेशचे वडील?"

"बैलगाडा शर्यतीच्या घाटात. बैलामागं पळता पळता. ऊन लागलं."

"तुम्हाला बहीण?"

"व्हती. चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. तिच्या जावेनं करणी केली."

मॅडम कागदावर वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. तात्यांच्या कागदावर रेघाच रेघा झाल्या होत्या. आणि तात्या छाती काढून सांगत होते, "तीन पिढ्या बघा मॅडम, आजारी पडून एक माणूस गेल्यालं न्हाई! कडक माणसं!"

"बहिणीची मुलं कुठं असतात?"

तात्यांचा चेहरा बदलला. "ती दुसऱ्या घरची. करणी झाल्यापास्नं येणं-जाणं बंद हाय. आमच्यात धरू नका."

"तात्या, रक्ताला सासर-माहेर कळत नाही."

"आमाला कळतं!" म्हणून तात्या उठलेच. मॅडमनी बहिणीच्या गोलाच्या खाली, मुलांच्या जागी, एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. पुढचे पाच महिने ते त्यांना छळत होतं. फाईल उघडली की आधी तिथेच बोट जायचं.

*

दुसरा नग तळेगावचा. याच्या हृदयाचा दोष वेगळा. अचानक मोठा आवाज झाला, दचकलं, की ठोका बिघडतो. मॅडमनी त्याला सर्टिफिकेट दिलं : उशाशी मोठ्या आवाजाचा गजर लावू नये.

तीन आठवड्यांनी त्याच्या कंपनीतून फोन. हा बहाद्दर रोज फर्स्ट शिफ्टला दोन तास उशिरा येतो आणि सर्टिफिकेट दाखवतो!

मॅडमनी त्याला मंद आवाजाचा, हळूहळू वाढणारा गजर लावून दिला, गोळ्या समजावल्या. विषय मिटला असं वाटलं. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन. "मॅडम, 'घरात कोणी आवाज चढवू नये, विशेषतः पत्नीने' हे तुम्हीच लिहिलंय का?"

मॅडम म्हणाल्या, "गजराची ओळ माझी. दुसरी त्यांना विचारा. पण हळू आवाजात विचारा!"

*

महेश गेल्यावर त्याच्या कंपनीने शॉक द्यायचं मशीन घेतलं. माणूस कोसळला, ठोका वेडावाकडा झाला, की छातीला चिकटवायचं, पुढचं ते स्वतः बोलून सांगतं. ते कसं वापरायचं हे शिकवायला मॅडम आणि मी चाकणला गेलो. नुकताच दसरा होऊन गेला होता.

मशीनची पेटी भिंतीवर. तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, पाच बोटं. आणि खाली हे भलंमोठं कुलूप!

"किल्ली?"

"स्टोअरकीपरकडे," सुपरवायझर म्हणाले. "तो सेकंड शिफ्टला येतो. महागाची वस्तू आहे मॅडम, चोरीला जायला नको."

"आणि फर्स्ट शिफ्टला कोणी पडलं तर?"

सुपरवायझरांनी हाराकडे बोट दाखवलं. "पूजा केलीय ना! आता गरजच पडायची नाही!"

मॅडम स्टोअरकीपर येईपर्यंत अडीच तास तिथेच खुर्ची टाकून बसल्या, कुलूप काढलं आणि पर्समध्ये टाकलं. ते कुलूप आजही त्यांच्या टेबलावर कागद दाबायला आहे. हार मात्र त्यांनी काढू दिला नाही.

*

आता दत्ताभाऊ. महेशचा थोरला भाऊ, नव्वद किलोचा गडी. सगळ्या भावकीला टेम्पोत घालून आमच्याकडे आणलं ते यानंच. चौदा जण! एकेकाला हाताला धरून टेबलावर झोपवलं. घाबरणाऱ्याला वर दम, "आरं पडून राहायचंय फक्त, बैलाखाली न्हाई जायचं!"

पंधरावा नंबर त्याचा. तर हा खाली गाडीवर वडापाव खात उभा!

"दत्ताभाऊ, चला."

"ताई, तुमी छातीवरचे केस काढता. आमचा गाडा पहिला आला तर मी घाटात शर्ट काढून नाचतो. लोकं काय म्हणतील?"

पुढच्या गुरुवारी सीझन सुरू होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी बैलाला ताप. मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. बाप ज्या घाटात पळता पळता गेला त्याच घाटात हा पळणार, भाऊ तर आत्ताच गेलेला. घरी आई रोज मॅडमना फोन करून रडायची. आणि याला भीती एकच. काही निघालं तर मॅडम बैलगाडा बंद करतील.

*

मग एका गुरुवारी मी भाचीच्या लग्नाला रजेवर होते. शुक्रवारी आले तर फाईलमध्ये दत्ताभाऊचा ईसीजी! माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने काढलेला. मला कोण आनंद झाला. पण पट्टी बघितली आणि ती तशीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. कंपनीच्या मेडिकलला काढलेल्या महेशच्या जुन्या पट्टीची कार्बन कॉपी.

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. "दत्ताभाऊ, आत्ताच्या आत्ता या. पळू नका. जिने चढू नका. गाडी दुसऱ्याला चालवू द्या."

एरवी याचा आवाज फोनशिवाय चिंचवडला ऐकू येईल. आज बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, ह्ये ज्याचं हाय, त्यो जाईल का?"

"ज्याचं म्हणजे? तुमचंच ना?"

फोन कट!

तासाभराने जिन्यात आरडाओरडा. बघते तर दत्ताभाऊ घामाघूम, आणि पाठुंगळीला एक शिडशिडीत माणूस, पाय झाडतोय. "आरं खाली ठेव दत्तादा! लोकं बघत्यात!"

"गप! जिना चढायचा न्हाई तुला!"

टेबलावर त्याला अलगद ठेवून दत्ताभाऊ मॅडमसमोर हात जोडून उभा राहिला. "मॅडम, ह्यो बाळू. माझा आतेभाऊ. तात्यांना ठावं न्हाई, पर आमी घाटात भेटतो. तुमच्या फायलीत न्हाई, ताईबी रजेवर, कोण वळखणार न्हाई, म्हणून म्याच धाडला माझ्या नावानं."

मॅडम रागावणार होत्या. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांची नजर फाईलमधल्या प्रश्नचिन्हावर गेली आणि त्या चष्मा काढून पुसतच बसल्या.

बाळू म्हणाला, "दत्तादा, आता आप्रेशनबी तुझ्याच नावावर का?"

दत्ताभाऊ हसला नाही. त्याने शर्ट काढला, दुसऱ्या टेबलावर आडवा झाला आणि मला म्हणाला, "ताई, करा केस साफ. माझं काढा आता. आणि तोंड बघून काढा!"

दत्ताभाऊचं हृदय ठणठणीत निघालं, ईसीजीतही आणि सोनोग्राफीतही. बाळूच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, शॉक देणारं छोटं यंत्र बसलं. ऑपरेशनच्या दिवशी तात्या दवाखान्यात आले होते. नुसते भाच्याच्या कॉटच्या पायथ्याशी बसून होते, संध्याकाळपर्यंत.

पुढच्या गुरुवारी नऊ वाजता दारात टेम्पो. आधी तात्या उतरले. मागून बाळूच्या दोन बहिणी, त्यांची पोरं, आणि कधीच न बघितलेल्या आणखी सहा-सात जणी, कडेवर लेकरं घेऊन.

मी रजिस्टर उघडलं. "तात्या, ही कोणाकडची मंडळी?"

तात्यांनी टोपी सारखी केली.

"आमचीच हायेत. लिहा."