पंगतीतले उपाशी वाफे

प्रयोगाच्या वहीत आकडे मावतात, माणसं मावत नाहीत. म्हणून किस्से डोक्यात साठत जातात. हे किस्से गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरचे. मी भंडाऱ्यात कृषी सहायक होतो आणि आंधळगावच्या तुळशीरामभाऊंच्या शेतात, ऐन धानाच्या मुलखात, चक्क उन्हाळी बाजरी लावली होती! दोन वाण, गावरान आणि संकरित. प्रत्येकाचे तीन वाफे. एकाला पूर्ण युरिया, एकाला अर्धा, एकाला अजिबात नाही.

*

पहिल्या वर्षी भाऊंनी धानासारखी बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, पाण्याने तुडुंब भरली. बाजरी पिवळी पडून कुजली.

"भाऊ, हे काय केलंत?"

"सर, बांधीत पानी दिसल्याबिगर मले झोपच येत नाही!"

*

दुसऱ्या वर्षी बिनयुरियाचे वाफेच सगळ्यात हिरवेगार! मी चक्रावलो. शेवटी भाऊंच्या बायकोने, पार्बताकाकूंनी, कबूल केलं. त्याच गुपचूप ओंजळ ओंजळ युरिया टाकत होत्या.

"एका पंगतीत बसवता अन् दोघाइले उपाशी ठेवता? काहून? पाप लागन सर तुमाले!"

अख्खा हंगाम वाया. आमच्या खात्याचे मोठे साहेब फोनवर म्हणाले, "पुढच्या वर्षी धड निकाल आला नाही तर बाजरी बंद." मला रडू यायचंच बाकी होतं.

*

तिसऱ्या वर्षी काकूंकडून शपथ घेतली. तरी रोज सकाळी त्या उपाशी वाफ्यांपाशी उभ्या! एकदा मी धावतच गेलो. त्यांनी रिकामे हात दाखवले.

"खत नाही देऊन राहिली बाप्पा. बोलाले तं मनाई नाही ना?"

*

गाव हसायचं. "तुळशीराम, पाखराइसाठी हॉटेल काढलं काय?"

भाऊ पाखरं हाकलायला दिवसभर डबा बडवायचे. बडवता बडवताच ओरडले, "हो! बिल तुमालेच पाठवतो!"

*

कापणीच्या आठवडाभर आधी वादळ आलं. पूर्ण युरिया खाऊन उंच झालेली गावरान बाजरी आडवी लोळली. शेजारची बुटकी संकरित मात्र उभी! भाऊ आतापर्यंत गावरानच्या बाजूचे. त्यांनी संकरितच्या एका कणसाला हात लावला.

"सर, जेवन दोघाइलेही सारखंच वाढलं. पर पचवलं हिनं!"

*

वजनाच्या दिवशी मोठे साहेब आले, अर्धं गाव जमलं. पूर्ण युरियाची संकरित बाजरी सगळ्यांत पुढे, अर्ध्या युरियाची तिच्यामागे आणि उपाशी वाफे शेवटी. निकाल एकदम स्वच्छ! साहेबांनी वहीवर सही ठोकली. "बाजरी चालू राहणार!" मी आनंदाने ओरडलोच. हॉटेलचा विनोद करणारेच आता हे बियाणं कुठे मिळतं म्हणून भाऊंच्या मागे लागले होते.

तेवढ्यात पार्बताकाकू डोक्यावर शेणखताची टोपली घेऊन आल्या. साहेबांना बाजूला सारून थेट उपाशी वाफ्यांत शिरल्या.

"अहो काकू, पीक तर निघालं!" मी म्हणालो.

त्यांनी टोपली खाली उतरवली.

"तुमचं मोजून झालं ना सर? मंग आता जेवू द्या त्याइले."