विस्तवबाईंचा निरोप

माझ्या थोरल्या जाऊबाईंना शिक्षक मंडळी पाठीमागे विस्तवबाई म्हणत. त्या ज्या शाळांत जात, त्यांपैकीच एकीत मी दुसरीला शिकवते, तेव्हा मीही म्हणायचे. शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना वाचन-लेखन शिकवायला मदत करणं हे त्यांचं काम. छोट्या बाकात गुडघे कोंबून त्या मुलांबरोबर मागे बसत आणि तास संपला की शिक्षकाची हजेरी घेत.

राग यायला कारणंही ढीगभर होती. एका वर्गात महिनोन्महिने नुसती अक्षरं घोटून घेतलेली आणि गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद. दुसऱ्या वर्गात दिवसभर गोष्टी, पण अक्षरांच्या नावानं शंख. जाऊबाई दोघांवरही सारख्याच भडकत. "पोरांना एका पायावर उभं करता आणि वर विचारता, चालत का नाहीत? अक्षरं शिकवा, गोष्टही वाचून दाखवा आणि रोज मनातलं एक वाक्य लिहू द्या. चुकलं तर चुकलं!"

पण झापून निघून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मला जमेपर्यंत खडू घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मोठे दीर म्हणायचे, "अगं, शाळेतला राग शाळेतच ठेवून येत जा." त्या म्हणायच्या, "तिथं जागा कुठंय? भिंतभर तक्ते लावलेत."

त्या निवृत्त होणार म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्याच वर्गात समारंभ ठेवला. मी म्हटलं, मुलंच काहीतरी लिहितील. "पाहुण्यांसमोर चुका नकोत," म्हणत त्यांनी स्वतः भाषण लिहिलं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं. मी आतल्या आत धुमसले, पण तोंडातून ब्र काढला नाही.

"आदरणीय बाईंनी आम्हांस स्वतःचे विचार लिहिण्यास शिकविले," मुलं एका सुरात म्हणाली.

"बंद करा!" जाऊबाई उठल्या. "इतकी वर्षं घसा फोडला आणि माझ्याच निरोपाला घोकंपट्टी? मी गेल्यावर काय उरणार आहे इथं?"

"बाई, आजच्या दिवशी तरी…" मुख्याध्यापक म्हणाले.

"आजच!" त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात खडू दिला. "तुला जे म्हणायचंय ते लिही."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एकेक अक्षर पुटपुटत तिनं लिहिलं, 'बाई गेल्यावर आमी परत नुसतं फळ्यावरचं उतरवायचं का'.

पाहुणे हसले. मुख्याध्यापक डस्टर घेऊन लगबगीनं पुढे झाले. जाऊबाई आडव्या आल्या. "पुसू नका. तिला उत्तर द्या."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी खाली मान घालेन, अशी त्यांची खात्रीच होती. मला त्या खात्रीचाच संताप आला.

"नाही उतरवायचं," मी पोरीला सगळ्यांदेखत सांगितलं. "माझ्या वर्गात तर नाहीच. सर, जरा बाजूला व्हा, मागच्या मुलांना तिचं वाक्य दिसत नाहीये."