धुरा नसलेलं वावर

"छान तं पंचांगावरचा फोटो बी असते, मॅडम. महिना सांगा."

वासुदेवराव पेंटरांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या दुकानात मी दारावरची पाटी रंगवून घ्यायला गेले होते. कोपऱ्यात प्लायवूडवर रंगवलेलं एक शेत दिसलं आणि मी आपली शिकल्यासवरल्या माणसासारखी "छान आहे" म्हणून मोकळी झाले. महिना मात्र सांगता येईना. शाळेत मराठी शिकवते, बाराही महिने तोंडपाठ. पण त्या शेतात मला एकही ओळखू आला नाही. तेच चित्र आज माझ्या बैठकीत आहे.

फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम आटलं होतं. रिकाम्या वेळात ते शेतंच रंगवत आणि चित्राला परीक्षेला बसवत. परीक्षक म्हणजे सकाळी भाजी विकायला येणारे खेड्यांवरचे लोक. त्यांनी टोपलं खाली ठेवायच्या आत पेंटर चित्र समोर धरायचे. तिघांनी एकच महिना सांगितला, तर खाली सही. नाहीतर टर्पेंटाइनचा बोळा. एकदा एका माळणीने सुनावलं, "चैताचं ऊन अन् ढेकूळ एवढं काळं? चैतात माती भुरी पडते, पेंटर!" पंधरा दिवसांचं काम त्यांनी तिथल्या तिथे पुसलं आणि खुशीत तिच्याकडून किलोभर वांगी घेतली. ती त्यांना आवडतही नसत.

पहिल्या दिवशी पाहिलेलं ते चित्रच माझं आवडतं. ते होतं वलगावजवळच्या त्यांच्या घरच्या वावराचं. फुटलेली कपाशी, मधूनमधून पिवळ्या फुलोऱ्यातली तूर, टोकाला विहिरीवरचा कडुनिंब. तिघंच काय, दहा जण "मार्गशीर्ष" म्हणाले, तरी सही होईना. शेवटी मी चिडून कारण विचारलं.

"दादा बाकी हाय अजून."

तरुणपणी त्यांनी वाटणी मागितली आणि आपल्या हिश्शाचं अर्धं वावर विकून हे दुकान थाटलं. थोरले भाऊ नामदेवराव तेव्हापासून बोलले नाहीत. रोज सकाळी बापाच्या वावरात परक्याचा नांगर पाहायचा, हे भावाचं दुखणं पेंटरांना पुरतं ठाऊक होतं. "दोनदा निरोप धाडला. नाई आला. येईन बी कायले?" एवढं बोलून ते ब्रश धुवायला लागले.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. मी त्यांना न विचारताच वलगावला फोन केला. चौथ्या दिवशी धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा दुकानात शिरला. भावाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, सरळ चित्रापुढे उभा राहिला.

"मार्गेसर," नामदेवराव म्हणाले. "पण धुरा कुठी हाय?"

वाटणीच्या वेळी दोन हिश्शांमध्ये घातलेला बांध चित्रात नव्हताच. इतके दिवस मी ते चित्र पाहत होते, पण शेताला मधे बांध असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

वासुदेवरावांनी मान खाली घातली. "मले काढता नाई आला, दादा."

नामदेवरावांनी डब्यातला एक ब्रश उचलला आणि भावाच्या डाव्या हातात दिला. "कर सही."

जन्मभर लोकांची नावं सरळ रेषेत लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव वाकडंतिकडं लिहिलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

दोन महिन्यांनी ते गेले. तेरवी नामदेवरावांनीच वलगावला केली. "सही झाली का मंग हे तुमचं," असं पेंटर मला सांगून गेले होते, पण माझं मन घेईना. मी चित्र चादरीत गुंडाळून तिकडे नेलं. नामदेवरावांनी ते ओसरीच्या भिंतीला टेकवलं आणि चहा होईपर्यंत पाहत बसले. मग स्वतःच पुन्हा चादर गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"तुमीच न्या, मॅडम. घरी हे पायलं अन् मंग वावरात गेलो, का धुरा आडवा येईन."