शिवणबाईंची गाडी आणि आमचे हे

आमचं लग्न लागलं त्या दिवशी मला सासरी आणायला भाड्याची गाडी आली होती. ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. मी नवी नवरी, मान खाली घालून बसलेली, आणि शेजारी आमचे हे कान टवकारून. तिसऱ्या सिग्नलला त्यांना राहवेना. उतरले, बॉनेट उघडलं आणि लग्नाच्या कपड्यांत अर्धे आत शिरले. मागे पाहुण्यांच्या गाड्या खोळंबल्या, सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाने हे काळेकुट्ट हात घेऊन परत आले, आणि लग्नानंतर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले? "कुठून तरी हवा ओढतेय."

मी म्हटलं, झालं. संसार ह्या माणसाशी करायचाय.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. खाली गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजच्या दारावर उघडते, त्यामुळे कोणाची गाडी कशी खोकतेय ते मला कढई ठेवता ठेवता कळतं. ह्यांचा हात चांगला आहे, मी उगीच नावं ठेवणार नाही. पण एक खोड आहे, ती काही जात नाही. बाकीचे मेकॅनिक काय करतात? गाडी धडधडतेय ना, मग प्लग बदल, फिल्टर बदल, कॉइल बदल, काहीतरी लागू पडेलच. हे तसं करत नाहीत. "का बिघडलं ते कळायच्या आधी बदललं, तर बरी कशाने झाली ते कसं कळणार?" असं गिऱ्हाइकालाच विचारतात. आता गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय करायचंय! त्याला घरी जायचं असतं.

आणि माझे पेले! गाडी उभ्या जागी थरथरते अशी तक्रार आली, की हे वर येतात, स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरतात आणि चालू इंजिनवर नेऊन ठेवतात. मग पाण्यावरच्या लाटांकडे बघत बसतात. डझनातले पाच पेले काळे केले ह्या माणसाने. मी ओरडते, ते "हो हो" म्हणतात आणि सहावा उचलतात.

तर शिवणबाईंची गाडी.

बाई पलीकडच्या गल्लीत राहतात, मुलींना शिवण शिकवतात, म्हणून सगळे शिवणबाई म्हणतात. त्यांचे यजमान चित्रकलेचे मास्तर होते. वीस वर्षं त्यांनी एक खटारा चालवला, मग हौसेने ही सेकंडहँड, पण बऱ्यापैकी नवी गाडी घेतली, आणि सहा महिन्यांत ते गेलेच. गाडी दारात उभी. मुलगा परगावी. सगळ्यांनी सांगितलं, विकून टाका. बाईंनी काय केलं असेल? पंचावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या! शहराबाहेरच्या शाळेत त्यांना वर्ग मिळाला होता, तिकडे बस धड जात नाही, आणि घरात एकटं बसून भिंती खायला उठतात असं त्या मला म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा एकट्या शाळेपर्यंत जाऊन आल्या त्या दिवशी आमच्या दारात थांबून उगीचच हॉर्न वाजवला. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

तीच बाई दोन महिन्यांपूर्वी आमच्या गॅरेजमध्ये आली ती रडवेली होऊन. सकाळी चौकात सिग्नलला गाडी बंद पडली होती. चालू करायला गेल्या, परत बंद. मागून ट्रक आला, त्याने कचकन ब्रेक मारला, आणि ट्रकवाला नको नको ते बोलला. एकट्या चालवायला लागल्यापासून हे रोज सकाळी होत होतं. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, गाडीला काही झालेलं नाही. तुझा क्लचवरचा पाय नीट पडत नाही. ह्या वयात जमणारच नाही ते."

बाई ह्यांना म्हणाल्या, "मिस्त्री, मला खरं खरं सांगा. दोष गाडीत आहे की माझ्या पायात? पायात असेल तर मी किल्ली देऊन टाकते. कोणाचा जीव जायला नको."

ह्यांनी गाडी चालू केली, पेला ठेवला. पाणी शांत. म्हणजे गाडीत काहीच नाही! तरी ह्यांनी थ्रॉटल खोललं. इंजिनात हवा जायच्या वाटेवर एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. पाय दिला की उघडते, काढला की मिटते. पण अगदीच मिटली तर इंजिन गुदमरेल, म्हणून गाडी ती केसाएवढी किलकिली ठेवते. तिथे काजळी धरली होती, ती ह्यांनी साफ केली. गाडी फिरवून आणली, छान चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात पुन्हा बंद.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या. ह्यांनी नळ्या तपासल्या, एका नळीला चीर होती, ती बदलली. पुन्हा फेरफटका, पुन्हा छान. सकाळी चौकात बंद.

तिसऱ्या वेळी ह्यांनी स्कॅनर जोडला. गाडीतला कॉम्प्युटर काय काय बिघडलं ते लक्षात ठेवतो, ते त्यावर दिसतं. तिथे एकही नोंद नव्हती. पाटी कोरी. कोणीही म्हणालं असतं, घ्या, गाडी ठणठणीत आहे. ह्यांचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. घास हातात तसाच. "अगं, एवढी वापरलेली गाडी, रोज बंद पडते, आणि तिला एकही गोष्ट आठवत नाही? असं कसं?"

"मग बाईंना काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हणून सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा रविवारी येणार होता, गाडीला गिऱ्हाईक ठरवून. बाईंनीच त्याला "बरं, ये" म्हटलं होतं. आज शुक्रवार. बिचारीचा जीव टांगणीला लागलाय आणि हे म्हणतात माहीत नाही! "अहो, तीन आठवडे तुम्ही तिच्या गाडीचं पोट फाडताय. गाडी बिघडते सकाळी, तिच्या दारापासून चौकापर्यंत. तुमच्या दारात येईपर्यंत शहाणी होते. मग बघायचं कुठे, इथे की तिथे?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी तिच्या घरी जाऊ. तूही चल."

"मी कशाला?"

"पेला धरायला," म्हणाले.

शनिवारी सातला आम्ही बाईंच्या दारात. बाई साडीचा पदर खोचून बाहेर आल्या, आम्हाला बघून थोड्या बावरल्या. दारामागच्या खिळ्यावरून त्यांनी एक पाना काढला, दहा नंबरचा, त्याच्या दांड्याला लाल चिंधी गुंडाळलेली. बॉनेट उघडलं, बॅटरीची सुटी पडलेली वायर टर्मिनलवर बसवली, पान्याने आवळली, बॉनेट लावलं, पाना पर्समध्ये टाकला, हात पुसले आणि म्हणाल्या, "चला."

आमचे हे जागच्या जागी थिजले. "बाई, हे काय केलंत?"

"हे होय? रोजचंच. संध्याकाळी काढायचं, सकाळी लावायचं. मास्तर वीस वर्षं असंच करायचे, नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी उतरते म्हणायचे. पाना त्यांचाच आहे." मग म्हणाल्या, "ते गेल्यावर मीही कधी चुकवलं नाही. एक दिवससुद्धा."

हे पुढच्या सीटवर बसले, मी मागे, मांडीवर रिकामा पेला. गाडी निघाली. माझं लक्ष समोरच्या घड्याळाकडे गेलं. बाहेर सात वाजून गेलेले, आणि गाडीत एक वाजून दोन मिनिटं! मी ह्यांच्या खांद्याला बोट लावून दाखवलं. हे पुटपुटले, "हो. आणि मी तिन्ही वेळा बघितलं होतं."

चौक आला, सिग्नल लाल. बाईंनी गाडी न्यूट्रलला टाकली, क्लच सोडला, पाय फक्त ब्रेकवर. हे वाकून पायांकडेच बघत होते. इंजिन धडधडलं, एक गचका दिला आणि बंद पडलं. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "बघा," म्हणाल्या, "बघा मी कशी..."

"बाई," हे म्हणाले, "तुमचा पाय अगदी बरोबर होता. बंद पडली तेव्हा क्लचला शिवलासुद्धा नव्हता. चालू करा, थोडा पाय देऊन धरा, आणि पुढे कडेला घ्या."

कडेला गाडी लागल्यावर ह्यांनी समजावलं, ते असं. ती झडप किती किलकिली ठेवायची हे गाडी थोडं चालून चालून स्वतः शिकते आणि लक्षात ठेवते. बॅटरीची वायर काढली की ती सगळं विसरते, घड्याळसुद्धा. रोज सकाळी चौकात येते तेव्हा ती कालचं काहीच न आठवणारी गाडी असते. आमच्या दारात पोचेपर्यंत नव्याने शिकलेली असते. मास्तरांच्या जुन्या खटाऱ्याला लक्षात ठेवायचंच काही नव्हतं, त्यामुळे त्याला ही सवय बाधली नाही. हिला बाधली.

मला ह्यांचा असा राग आला! "आणि हे घड्याळ तीन वेळा तुमच्या डोळ्यांसमोर होतं, तेव्हा काय झालं होतं?"

ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं, कुठल्याही गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीची वायर काढायची. मी ती काढतोच. माझ्या गॅरेजमध्ये एकाही गाडीचं घड्याळ कधी बरोबर नसतं. मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. वायर मीही काढत होतो, आणि मग फेरफटका मारून, शिकवून परत देत होतो." मग बाईंकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. मी गाडीला सगळं विचारलं, तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

सव्वीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासमोर चूक कबूल केली ती ही दुसरी. पहिली कोणती ते मी सांगणार नाही.

मग तिथेच कडेला गाडी चालू ठेवून कोणीही पाय न लावता दहा मिनिटं बसायचं ठरलं. मी समोरच्या दुकानातून पेला भरून आणला, ह्यांनी तो इंजिनवर ठेवला. आम्ही तिघं त्या पाण्याकडे बघत उभे. आधी काठावरून सांडत होतं, मग नुसतंच हलत होतं. सातव्या-आठव्या मिनिटाला पाण्यात वरच्या विजेच्या तारा सरळ दिसायला लागल्या. खरं सांगते, सव्वीस वर्षं त्या पेल्यांवरून भांडले, पण बघत का बसतात ते मला त्या दिवशी कळलं.

बाई मात्र पाण्याकडे बघत नव्हत्या. "म्हणजे आता संध्याकाळी काही करायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नुसतं कुलूप लावायचं."

मग पर्समधून तो लाल चिंधीचा पाना काढून बाईंनी ह्यांच्या हातात दिला. "तुमच्याकडे ठेवा. घरी असला की सहा वाजता हात आपोआप जाईल. एवढं एकच काम मी त्यांच्यासारखं करत होते हो." आणि डोळ्याला पदर लावला. मलाही रडू आलं, लपवायचं कशाला. हे पाना दोन्ही हातांत धरून उभे. शेवटी म्हणाले, "गॅरेजमध्ये लावून ठेवतो. वापरणार नाही." आजही तो तिथे वेगळ्या खिळ्यावर आहे, आणि दहा नंबरचा पाना सापडत नाही म्हणून हे दिवसभर शोधत फिरतात, पण त्याला हात लावत नाहीत.

रविवारी मी मुद्दाम बाईंकडे गेले. हे म्हणाले, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. मी खुपसलं. मुलगा आला होता, पोरगा वाईट नाही, आईच्या काळजीने आवाज चढवणारा. गिऱ्हाईक तासाभरात येणार होतं. बाई म्हणाल्या, "त्याआधी मला चौकापर्यंत जाऊन यायचंय. बस पुढे." मी न विचारता मागे बसले.

मुलगा पट्टा आवळून, एक हात डॅशबोर्डवर ठेवून बसला. काल ह्यांनी लावून दिलेल्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं. मी माझ्या हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता. चौक आला, सिग्नल लाल. बाईंनी गाडी थांबवली, न्यूट्रलला टाकली. मी कान टवकारले. कुठेच काही ऐकू येईना.

मुलाने डोळे मिटले. "पडली ना बंद? आई, मी तुला सांगत होतो. उतर, मी ढकलतो." त्याचा हात दाराकडे गेलासुद्धा.

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

त्याने डॅशबोर्डवरचा तळहात दाबून इंजिनाची बारीक थरथर चाचपली, मग आईकडे बघितलं आणि दाराकडचा हात मागे घेतला. सिग्नल हिरवा झाला. बाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच हलकेच सोडला आणि चौक ओलांडला. परत वळायचं ठरलं होतं, पण त्या वळल्याच नाहीत, थेट शाळेपर्यंत नेऊन आणलं आम्हाला.

परत आलो तेव्हा गिऱ्हाईक फाटकाशी उभं होतं. बाईंनी गाडी त्याच्याजवळ थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, काच खाली केली आणि म्हणाल्या, "माफ करा हं, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."