साखर मुरेपर्यंत

बिनसाखरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वाइनच्या तळघरातल्या लोकांनी ठेवलेलं नाव ते, पण असं चिकटलं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर हे गृहस्थ मागे वळून दुसऱ्याच कुणाला शोधायचे. काम मात्र साखरेचंच. फेसाळती वाइन बाटलीत पडून पडून तयार झाली की तिच्या तोंडाशी जमलेला गाळ उडवून टाकतात. त्याबरोबर थोडी वाइनही जाते. तेवढी जागा साखर विरघळवलेल्या वाइननं भरायची आणि बूच मारायचं, हे बिनसाखऱ्यांचं काम. बाटली कोरडी होणार की गोड, ते त्यांच्या हातातल्या मापावर ठरायचं.

आणि माणूस असा, की स्वतःला साखरेचा कणही खपायचा नाही. "साखर म्हणजे वाइनचा मेकअप," ते म्हणायचे. "मुळात चेहरा बरा असेल तर हवाय कशाला?" गुलाबी वाइन त्यांच्या लेखी मिरवायचं सरबत. बाटलीऐवजी मोठ्या टाकीत फेस आणलेली म्हणजे उरकलेलं काम, आणि उरकलेल्या कामाबद्दल ते बोलायचेसुद्धा नाहीत. गोड बाटल्या दिवसाला शेकड्यांनी भरायचे, पण शेजाऱ्याचं रडकं पोर गळ्यात पडल्यासारखा चेहरा करून.

तळघरातला एक रिवाज होता. वर्षातून एकदा प्रत्येकानं आपल्या हातानं, आपल्या पसंतीची एक बाटली भरायची आणि घरी न्यायची. बिनसाखरे ती लग्नाच्या वाढदिवसाला उघडायचे. अर्थातच बिनसाखरेची, जीभ आखडेल अशी. बायको एक घोट घ्यायची, डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, "छान आहे." एकतीस वर्षं हेच. ते डोळे मिटणं म्हणजे रसिकता, असं बिनसाखरे धरून चालले होते.

मग ती आजारी पडली. दोनदा इस्पितळात जाऊन आली आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच घरी पाठवलं. "आता पथ्य नको. सहा महिने तरी मिळतील. जे आवडतं ते द्या, घोटभर वाइनसुद्धा चालेल," ते म्हणाले. बिनसाखरे घरी येऊन थेट कपाटाकडे गेले आणि त्या वर्षीची बाटली काढू लागले. मुलगी ओट्याशी भांडी पुसत होती.

"बाबा, ती नको. आईला ती आवडत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"तुमची पाठ वळली की ती ग्लासात चमचाभर साखर टाकायची. फेस उतू जायचा, म्हणून बेसिनवर धरून. मी लहानपणापासून बघतेय."

"मग मला सांगायचं नाही?"

"ती म्हणायची, त्यांच्या हातची आहे, त्यांना वाईट वाटेल."

बिनसाखऱ्यांनी बाटली परत कपाटात ठेवली. मग आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. "अगं, तुला गोड आवडते?" चोरी पकडली गेल्यासारखी ती हसली. "थोडीशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरातला तो चमचा त्यांनी रुमालात गुंडाळून तळघरात नेला. चमच्यात किती साखर मावते ते तोलून पाहिलं, बाटलीला किती लागेल याचा हिशेब चार वेळा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जीव लावून साखर घातली. पण अशी बाटली लगेच उघडायची नसते. तीन महिने तरी ठेवावी लागते, नाहीतर वाइन एकीकडे लागते आणि साखर दुसरीकडे. त्यांनी ती घरी आणून पलंगाखाली गार फरशीवर आडवी ठेवली.

त्याच संध्याकाळी मुलगी दुकानातून गोड बाटली घेऊन आली. यांनी लेबल वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "टाकीतली आहे. एकतीस वर्षं नको ती प्यायली, आता तरी तिला बरोबर ती पिऊ दे." मुलगी वाद घालणार होती, पण आईच म्हणाली, "राहू दे गं. बाबा करताहेत ना." दुकानातली बाटली पिठाच्या डब्यामागे गेली.

"झाली का हो?" ती अधूनमधून विचारायची.

"मुरतेय."

"बरं."

अडीच महिने झाले. एका दुपारी ती म्हणाली, "आजच उघडू या का? घोटभरच." यांचा हात पलंगाखाली गेला, बाटलीला लागलाही. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली. कच्ची बाटली त्यांनी कुणा परक्यालाही कधी दिली नव्हती. "पंधरा दिवस राहिलेत फक्त. जरा कळ काढ."

"कळच तर काढतेय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

नऊ दिवसांनी सकाळी ती गेली. हे स्वयंपाकघरात चहा गाळत होते. सहा दिवस कमी पडले.

लोक आले, गेले. सातव्या दिवशी बिनसाखऱ्यांनी पलंगाखालून बाटली काढली, पुसली आणि आवाज न करता बूच काढलं. दोन ग्लास भरले. एक पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. फेस बारीक होता, सावकाश वर येत होता. त्यांनी घोट घेतला. साखर अशी मुरली होती की वेगळी काढून दाखवता आली नसती. एवढी चांगली बाटली त्यांच्या हातून कधी झाली नव्हती.

"कशी झालीय?" मुलीनं दारातून विचारलं.

ग्लास खाली ठेवून ते तोंड झाकून रडू लागले. पहिल्याच संध्याकाळी उघडली असती, वाइन एकीकडे आणि साखर दुसरीकडे लागली असती, तरी ती म्हणाली असती, छान आहे. आणि तेवढ्या एका वेळी ते खरं असतं.