खारूनची रेती आणि तिसरी मादी

धर्मपाल मेश्राम यांनी समुद्र पाहिलेला नाही. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमागे भंडाऱ्याहून रायपूरला आलेल्या या गृहस्थांनी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात परिचर म्हणून एकतीस वर्षे काढली. त्यांची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती: त्यांच्या काचेच्या टाक्यांचा तळ आरशासारखा लखलखत असे. तळाशी एखादा कण दिसला, तर तो त्यांना स्वतःच्या सदऱ्यावरचा डाग वाटे.

गेल्या वर्षी विभागात आंध्र किनाऱ्यावरून खाडीतले खेकडे आले. खाजणात वाढलेली मादी मिलनानंतर खाडी सोडते आणि अंड्यांसाठी मोकळ्या समुद्राकडे निघते. तिची सूक्ष्म पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यात तगत नाहीत. समुद्रापासून इतक्या दूर, एका टाकीत हा प्रवास घडवता येईल का, असा प्रा. निवेदिता गजभिये यांचा प्रश्न होता. पाण्याच्या रसायनाच्या त्या अभ्यासक. मादी जागीच ठेवायची आणि पाणी रोज थोडे अधिक खारे करायचे, असे त्यांनी ठरवले. मीठ घोळण्याचे काम धर्मपालांकडे आले.

“काका, समंदर देखा है कभी?” लोकेश या संशोधक विद्यार्थ्याने एकदा डिवचले.

“पाहाले कायले जाऊ? रोज बालटीत घोळून राहिलो ना!”

पहिल्या मादीची अंडी सकाळी तळावर नारिंगी रव्यासारखी विखुरलेली आढळली. ती पोटाखालच्या झडपेतील केसांना चिकटायला हवी होती; चिकटली नाहीत, म्हणून अंडी वाया गेली. दुसरीचेही तेच झाले. निवेदिताबाईंनी क्षार तपासले, तापमान तपासले, दोष सापडेना. आता अंडी घालायची एकच मादी उरली होती आणि प्रकल्पाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. हीही फसली, की टाकी रिकामी होणार होती.

एका रविवारी पाणी बदलायला आलेल्या धर्मपालांना ती मादी कोपऱ्यात मागच्या पायांनी काच खरवडताना दिसली. ती घसरे, पुन्हा खरवडे, पोट तळाशी दाबू पाही. स्टूल ओढून ते दुपारपर्यंत नुसते पाहत बसले. सोमवारी त्यांनी विषय काढला.

“म्याडम, हिले जमीन पाहिजे. पोट रोवाले खाली काहीच नाही, म्हणून अंडी निसटतात.”

“पण रेतीत घाण साचते, धर्मपालजी. हे तर तुम्हीच शिकवलं मले.”

“हव. माहीच चूक. एकतीस वर्षं काच पुसून राहिलो, अन् खेकडीले काच नको हे ध्यानातच नाही आलं.”

बाई साशंक होत्या. तरी एका पसरट तसराळ्यापुरती त्यांनी परवानगी दिली. धर्मपालांनी गावाजवळच्या खारून नदीकाठची रेती आणली, सात पाण्यांनी धुतली आणि घरी चुलीवर उकळली. पत्नी कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. “भाताच्या गंजात रेती? आता खेकडीचं बाळंतपणही माह्याच घरी करा!”

रेतीचे तसराळे टाकीत ठेवल्यावर चौथ्या सकाळी मादी त्यात अर्धी रुतून बसली होती. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गच्च गोळा होता. तळावर जेमतेम चिमूटभर सांडली होती. पुढचे बारा दिवस तो गोळा तपकिरी आणि मग काळपट होत गेला. तेराव्या सकाळी प्रयोगशाळा उघडली, तेव्हा पाणी धुरकट दिसत होते. धर्मपालांनी काचेला टॉर्च लावला. सगळे धुरके हलले आणि उजेडाच्या दिशेने गोळा झाले. ती पिल्ले होती. लाखोंच्या संख्येने, जिवंत.

“काका!” लोकेश धावत येऊन टाकीवर वाकला.

“पोचली, धर्मपालजी,” निवेदिताबाई म्हणाल्या. “समुद्रात पोचली ती.”

टाकीचा तळ मात्र पाहवत नव्हता: अंड्यांची फोलपटे, उधळलेली रेती, काचेवर ओघळ. सवयीने धर्मपालांचा हात फडक्याकडे गेला. मग त्यांनी ते फडके खांद्यावर टाकले आणि स्टूल पुढे ओढले.

“राहू द्या तसंच,” ते म्हणाले. “लेकुरवाळीचं घर आहे.”